टाकीत शिरण्याआधी तेल धुवा

तारीख: गेल्या वर्षीची नरक चतुर्दशी. वेळ सकाळची.

हजर: मी, म्हणजे सुनंदा, टाकीची इन्चार्ज. डॉ. परकार. दत्ता, पॅनेलवर. धर्मा, पेशंट, राहणार मोरा. धर्माची बायको वैशाली. धर्माचे वडील नामदेवकाका. शिवाय दोन मोठ्या बॅगा, चकल्यांचा डबा आणि एक सोललेला नारळ.

गैरहजर: सफाईच्या मावशी, दिवाळीच्या रजेवर. त्यांची उणीव आम्हाला किती भासणार होती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

कोण होतं आणि कोण नव्हतं हे आधी लिहून ठेवायची सवय मला विमानातल्या नोकरीने लावली. तिथे दार लावण्यापूर्वी माणसं मोजतात. इथेही दार लावण्यापूर्वी माणसं मोजतात. मधल्या काळात मी फक्त आभाळातून खाली आले, बाकी काम तेच राहिलं: बंद डब्यात बसलेल्या माणसांना शांत ठेवणं आणि त्यांच्या खिशात काय आहे ते बघणं.

डबा कसला, ते सांगते. पनवेलला एका इस्पितळाच्या मागच्या आवारात आमची टाकी आहे. पाण्याचा टँकर चाकांवरून उतरवा, पांढरा रंग द्या, गोल खिडक्या बसवा आणि पुढे बँकेच्या तिजोरीचं दार लावा. झाली आमची टाकी. एका उन्हाळ्यात खांदा कॉलनीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आवारात शिरले, टाकीभोवती फिरले, बोटाने ठोकून पाहिली आणि मला म्हणाले, "मॅडम, दिवसाला किती फेऱ्या मारता?" त्यांना पाणी हवं होतं. मी म्हटलं, यात फक्त हवा असते. ते म्हणाले, "मग आमच्या नगरसेवकासारखंच झालं की."

या टाकीत माणसांना बसवून आम्ही आतला हवेचा दाब वाढवतो आणि मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतो. रोजचे पेशंट म्हणजे साखरेमुळे पायाच्या जखमा न भरणारे आजी-आजोबा. ते आत पत्ते खेळतात, भांडतात आणि बरे होतात. अधूनमधून नमुनेही येतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक शेठ मोज्यात लायटर लपवून आत निघाले होते. ऑक्सिजन असलेल्या ठिकाणी लायटर म्हणजे काय, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. शेठ कळवळून म्हणाले, "पेटवणार नव्हतो हो. जवळ असला की बरं वाटतं." मुलाच्या लग्नाआधी तरुण दिसायचं म्हणून आलेल्या एक बाई बाहेर पडल्या, पर्समधून आरसा काढला, बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुमचे इथले लाइट चांगले नाहीत."

पण टाकी मुळात बांधली ती पाणबुड्यांसाठी. उरणकडचं बंदर आहे, मोऱ्याच्या मच्छीमार बोटी आहेत, बाहेर समुद्रात तेलाची कामं आहेत. कुठे बोटीच्या पंख्यात दोर अडकतो, कुठे नांगर तळाशी राहतो, कुठे पाइप तपासायचा असतो. त्यासाठी माणूस खाली जातो. खाली दाब जास्त, त्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो. त्याचं काही दुखत नाही. दुखतं ते वर येताना. माणूस सावकाश वर आला तर तो वायू फुफ्फुसांतून गुपचूप निघून जातो. घाईने आला तर अंगात बुडबुडे होतात. सगळे डॉक्टर इथे सोड्याच्या बाटलीचं उदाहरण देतात. मीही तेच देते, कारण याहून बरं मला सापडलेलं नाही. बाटलीचं बूच हळूहळू सैल केलं तर काही होत नाही, एकदम उडवलं तर सोडा छतावर. बुडबुडा सांध्यात बसला तर खांदा ठणकतो. पाठीच्या कण्यात बसला तर पाय जातात.

विमानात हीच गोष्ट वरच्या अंगाने होते. केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते, तरी आत महाबळेश्वराच्याही बऱ्याच वर असलेल्या डोंगरावर असावी इतकी ती विरळ असते. ती हवा एकदम निघून गेली तर मास्क खाली पडतात. मी हे हजारो लोकांना हातवारे करून दाखवलं. त्यांतले निम्मे पेपर वाचत होते आणि उरलेले माझ्याकडे बघत होते, मास्ककडे नव्हे. खरोखरचे मास्क पडलेले मी एकदाच पाहिले, तेही विमान धावपट्टीवर आदळून उतरलं तेव्हा हादऱ्याने. धोका काहीच नव्हता. एका काकांनी मास्क खेचून पिशवीत भरायला घेतला. मी अडवलं तर म्हणाले, "नातवाला वाफ द्यायला होईल. तिकिटात धरलेलं नाही का?"

तर त्या सकाळी.

पहिली आंघोळ चालू होती. माझ्या डोक्यावर तेल थापलेलं, अंगाला उटणं फासायच्या बेतात, आणि दत्ताचा फोन. "मॅडम, मोऱ्याहून डायव्हर आलाय. चालतोय, पण चांगला चालत नाहीये." मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि तशीच स्कूटरवर निघाले.

आवारात गाडी उभी होती. टपावर दोन बॅगा बांधलेल्या. नामदेवकाका गाडीला टेकून उभे होते: पांढरं धोतर, वर कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला मोठा टिळा. मोऱ्याला मासेमारीच्या बोटींच्या धंद्यात त्यांचं आयुष्य गेलं. पंख्यातला दोर कापायला पाण्यात उतरावं तर नामदेवने, असं तिथे आजही म्हणतात. मला बघताच ते म्हणाले, "बाय, जरा लवकर करा. याचं रातचं विमान हाय, मुंबयवरून. जरा हवा भरा नि द्या, आमी जाताव पुढं."

जणू सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायची होती.

धर्मा बाकावर बसला होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा, नवाकोरा चकचकीत शर्ट घातलेला. आखातातल्या एका कंपनीत त्याला पाणबुड्याची कायमची नोकरी लागली होती. जाण्यापूर्वी शेवटचं काम म्हणून तो इथल्या एका जहाजावर गेला होता, तुटलेल्या साखळीचा नांगर शोधायला. दोन दिवस खालवर केलं. आदल्या संध्याकाळी घरी आला तो खांदा धरूनच.

डॉ. परकार माझ्याआधी पोहोचले होते. पनवेलच्याच जुन्या घराण्यातले, आवाज कधी चढत नाही, पण प्रश्न मात्र थेट विचारतात. त्यांनी धर्माला डोळे मिटून उभं केलं. तो झाडासारखा डोलला. टाचणीने पाय तपासले. गुडघ्याखाली त्याला धड टोचल्याचं कळत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "शेवटची लघवी कधी झाली?"

धर्माने बायकोकडे पाहिलं. उत्तर बापाने दिलं. "होल की. इतकी घाई काय हाय?"

"काका, तुम्हाला नाही विचारलं."

"काल रात्रीपासून नाही," वैशाली म्हणाली. "सकाळपासून दोनदा जाऊन बसले. होतच नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खांदा दुखणारा माणूस आणि लघवी अडलेला माणूस यांत फार अंतर आहे. पहिला दुखणं घेऊन येतो. दुसऱ्याचा कणा धोक्यात असतो.

"विमान विसरा," डॉक्टर म्हणाले. "विमानात दाब अजून कमी होतो. आहेत ते बुडबुडे फुगतील. आज याला बसवून दिलंत तर तिकडे चाकाच्या खुर्चीवरून उतरवतील, आणि ती खुर्ची कायमची घरी आणावी लागेल."

धर्मा उठायला लागला. "डॉक्टर, आज नाय गेलो तर जागा जाते. त्यांनी सांगितलंय. माझ्यामागे चाळीस जण उभे हायेत."

"दुखना कमी करा, बाकीचा तो बघल," काका म्हणाले. "आमच्यात अशा बारीकसारीक गोष्टीवर कुनी घरी बसत नाय."

वैशालीने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढला, स्वतःच्या पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि मला म्हणाली, "मॅडम, कुठून आत जायचं?" त्यानंतर नोकरीवर कोणी बोललं नाही. सासऱ्यांनी एकदा तोंड उघडलं, तिने फक्त मान वळवून पाहिलं, ते मिटलं.

आणि मग मी धर्माच्या दंडाला धरलं. माझा हात सरकन घसरला.

"तेल लावलंय?"

"आज दिवाली नाय का?" काका म्हणाले. "आयने पहाटं डोक्यापासून पायापर्यंत चोललाय. खोबरेल. खांद्याला तर वाटीभर जिरवलाय."

आमच्या टाकीच्या दारावर मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय: तेल, क्रीम, बाम, अत्तर, वर्ज्य. दाबाखाली ऑक्सिजन असताना तेलकट अंग म्हणजे पेटायला निमित्त शोधणारी गोष्ट. हा नियम वर्षभर पाळला जातो. पण अख्ख्या महाराष्ट्राने ठरवून अंगाला तेल चोपडायचं असा जो एक दिवस असतो, नेमका त्याच दिवशी पेशंट येईल, हे नियम लिहिताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या डोक्यात त्या क्षणीही तेलच होतं. पेशंटबरोबर आत जाणार होते मी. मी दत्ताकडे पाहिलं. त्याचे केस चप्प बसलेले.

"मॅडम, आईने सोडलंच नाही," तो म्हणाला.

त्या सकाळी आमच्या आवारात कोरडा माणूस एकच होता, डॉ. परकार. त्यांनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली. "म्हणजे आता मी याचं तोंड पुसून ऑक्सिजन लावतो, सलाइन लावतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही सगळे धुवायला लागा."

सफाईच्या मावशी असत्या तर शिकेकाई कुठे ठेवलीय ते तरी कळलं असतं. आम्हाला सापडला तो पॅन्ट्रीतला भांडी घासायचा साबण. धर्माला मोरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, दारात ऑक्सिजनचा सिलिंडर. वैशाली पाठ घासत होती, दत्ता पाय, आणि नामदेवकाका बाहेरून सूचना देत होते. "केसांत घाल. कानामागं बघ. आय कानामागं लय लावते." मी शेजारच्या मोरीत त्याच साबणाने डोकं धूत होते. आयुष्यात इतकी कसून पहिली आंघोळ मी केलेली नाही. माझे केस पुढचे आठ दिवस काथ्यासारखे उभे होते.

याच गोंधळात दत्ता ओल्या हातांनी मोबाइल बघत आला. जहाजावरच्या डायव्हिंग सुपरवायझरला आम्ही विचारलं होतं: किती खोल, किती वेळ, कितीदा. त्याने फाइल पाठवली होती, दाबून बांधलेली.

"मॅडम, फाइल डिकम्प्रेस होत नाहीये."

"मग तिलाही टाकीत घाल," मी म्हटलं.

माझा नवरा संगणकात काम करतो. त्याच्याकडे हा शब्द दिवसातून दहादा येतो. मोठी फाइल आवळून लहान करायची, पाठवायची, तिकडे पुन्हा पसरवायची. आवळलेली गोष्ट जितक्या झटकन पसरेल तितकी शाबासकी. आमच्याकडे नेमकं उलटं. विमान म्हणा, समुद्र म्हणा, झटकन झालं की माणूस गेला. घरी या विषयावर आमचं कधी एकमत झालेलं नाही. तो म्हणतो, तुमचं तंत्रज्ञान फार हळू आहे. मी म्हणते, तुझी फाइल लघवी करायची थांबत नाही. असो. डॉक्टर म्हणाले, फाइल राहू दे, पायांनी सांगितलंय तेवढं पुरे आहे. दुपारी ती फाइल उघडली. आत कंपनीचं दिवाळीचं शुभेच्छापत्र होतं. समईचं चित्र, खाली ‘सुरक्षा प्रथम’.

आम्ही आत गेलो. धर्मा सुती कपड्यांत, मास्क लावून. मी त्याच्या समोर. तिजोरीचं दार बंद झालं आणि दत्ताने हवा सोडली.

दाब चढताना टाकी तापते आणि आवाज इतका होतो की देवाचं नाव घेतलं तरी ऐकू येत नाही. कान दुखू नयेत म्हणून नाक चिमटीत धरून आतून फुंकावं लागतं. धर्माला ते सरावाचं होतं. माझे कान मात्र इतक्या वर्षांनीही सणाच्या दिवशी रुसतात. मी नाक धरून माकडासारखे चाळे करत होते आणि गोल खिडकीतून नामदेवकाका ते तोंड उघडं टाकून बघत होते.

समुद्रात अठरा मीटर खाली जेवढा दाब असतो, तेवढ्यावर दत्ताने थांबवलं. आवाज संपला. थोड्या वेळाने धर्माने खांदा हलवला, पुन्हा हलवला. दुखणं गेलं होतं. बुडबुडे दाबाखाली लहान झाले की असं होतं. मी म्हटलं, "बरं वाटतंय?"

तो मास्कमागून हसला. "सकाळी पण असंच गेलं होतं."

"सकाळी? कुठे?"

खिडकीकडे त्याने पाहिलं. मी हात वर करून दत्ताला खूण केली. त्याने बाहेरचा स्पीकर बंद केला. आता आमचं बोलणं फक्त डॉक्टरांच्या कानातल्या यंत्रात जात होतं. धर्माला मी तसं सांगितलं. तो खांदे उडवून म्हणाला, डॉक्टरला चालेल.

मग मास्क काढून साधी हवा घ्यायची विश्रांती आली, तेव्हा त्याने सांगितलं. मोऱ्याला जुनी समजूत आहे: वर आल्यावर अंग दुखलं तर माणसाला परत पाण्यात न्यायचा, दुखणं पाण्यातच राहतं. नामदेवकाका तेल लावण्याआधीच, भल्या पहाटे त्याला बोटीवर घेऊन गेले. बोटीवरचा कॉम्प्रेसर लावला, नळी त्याच्या तोंडात दिली, दुसरी स्वतःच्या, आणि सत्तरीचा बाप पोराचा हात धरून दोराने खाली उतरला. खाली दुखणं गेलं. काकांनी अंगठा दाखवला. मग थंडी वाजायला लागली, कॉम्प्रेसर खोकायला लागला, आणि दोघं वर आले.

"वर आलो तेव्हा पाय माझे नव्हते, बाय," धर्मा म्हणाला. "त्याच्या आधी फक्त खांदा होता. पाय चांगले होते."

यातला घोळ बाहेरच्या माणसाला सांगायला हवा. परत खाली गेलं की बुडबुडे दबतात, म्हणून बरं वाटतं. ते खोटं नाही. पण खाली तो साध्याच हवेवर श्वास घेत होता, म्हणजे आणखी नायट्रोजन अंगात भरत होता. आणि तिथे चार-पाच तास थांबून तसूतसूने वर येणं थंड पाण्यात, खोकणाऱ्या कॉम्प्रेसरवर, कुणाच्या बापाला जमत नाही. उतू जाणाऱ्या दुधावर झाकण दाबून धरावं आणि हात दुखला की सोडावं, तसं ते आहे.

मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला कलतंय. कोर्स केलाय मी. सर्टिफिकेट हाय."

"मग नाही का म्हणाला नाहीस?"

धर्माने मग घरातली जुनी गोष्ट सांगितली. नामदेवकाकांना एक मोठा भाऊ होता, बाळूदादा. तोही पाण्यात उतरायचा. एकदा वर आला तो खांदा दुखतो म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी कमरेखालून गेला. पुढची सगळी वर्षं खाटेवर. तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, कुणी त्याला वेळेवर परत पाण्यात नेला असता तर उठला असता. नामदेव त्या दिवशी किनाऱ्यावर होता. पाण्याला ओढ होती म्हणून तो दादाला घेऊन उतरला नव्हता.

"बाबांनी मला हात धरून नेला तेव्हा मला म्हनाले, या खेपेला मी थांबनार नाय," धर्मा म्हणाला. "मी काय नाय म्हननार? आणि तुमी पण त्यांना सांगू नका. त्यांना वाटतंय त्यांनी मला वाचवला."

मी खिडकीकडे पाहिलं. काकांनी काचेला नाक लावलं होतं आणि मला अंगठा दाखवत होते.

"बघू," मी म्हटलं, आणि त्याला मास्क लावला.

पुढची गोष्ट सभ्य अंकात कशी लिहावी, ते मला कळत नाही, पण तीच आमची खरी दिवाळी होती. बाहेर चौघांत एकच विषय. वैशाली दर थोड्या वेळाने खिडकीशी येऊन भुवया उंचावायची. मी मान हलवून नाही म्हणायची. डॉक्टर फोनवर म्हणाले, अजून थोडी वाट पाहू, नाहीतर नळी घालावी लागेल. नळीचं नाव ऐकून धर्माचा चेहरा पडला. मी त्याला बाटली दिली, पाठ फिरवली, आणि विमानातली सगळी घोषणा मोठ्याने म्हणून दाखवली, सीट बेल्टपासून तरंगणाऱ्या जॅकेटपर्यंत, त्याला लाज वाटू नये म्हणून. मास्कपर्यंत आले होते आणि मागे आवाज झाला. पावसाळ्यात पन्हळीतून येतो तसा. थांबेचना.

मी माइकवर सांगितलं. दत्ताने भावनेच्या भरात बाहेरचा स्पीकर चालू केला, त्यामुळे अख्खा कार्यक्रम सगळ्या आवाराने ऐकला. वैशाली भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. नामदेवकाकांनी नारळ उचलला आणि फोडायला टाकीकडेच निघाले. डॉक्टरांनी धावत जाऊन त्यांना धरलं. काकांचा आवाज मला आत ऐकू आला: "अरे, ही टाकी दर्याचीच ना? मग दर्याला नारल नको?"

परतीला, दाब उतरताना, टाकी गार पडते आणि आत धुकं होतं. धर्मा त्या धुक्यातून पायाची बोटं हलवून बघत होता. एकेक बोट. दार उघडल्यावर डॉक्टरांनी त्याला फरशीच्या रेषेवरून टाचेला बोट लावून चालवलं. तो डावीकडे झुकला, पण चालला. विमान तेव्हा गेलं नव्हतं अजून. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. चकल्या मात्र सगळ्या संपल्या.

त्यानंतर बरेच दिवस तो येत राहिला. आता चांगला चालतो. दमला की उजवा पाय जरा फरफटतो. डॉक्टरांनी त्याला पाण्यात उतरायला कायमची मनाई केली. आखातातली जागा दुसऱ्याला गेली. तो मोऱ्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि म्हणतो, इंजिनाला बुडबुडे येत नाहीत.

आणि नामदेवकाका? ते जेट्टीवर ज्याला त्याला सांगतात की पोरगा वाचला कारण मी त्याला वेळेवर परत पाण्यात नेला. नंतर दोन जणांनी तेच केलं. त्यांचं नशीब जोरावर होतं, नुसतं अंग दुखण्यावर निभावलं. मी मोठा फलक करून घेतला: ‘वर आल्यावर दुखलं तर परत पाण्यात उतरू नका, सरळ पनवेलला या.’ जेट्टीवर तो ठोकून कुणी दिला? नामदेवकाकांनी. खिळे स्वतःचे. वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर लिवलंय. ज्याला येत नाय त्यानं उतरू नये."

डॉ. परकार म्हणतात, "सुनंदाबाई, फलकाने नाही होणार. त्यांना समोर बसवून सांगायला हवं, की त्यांच्या हातून काय झालं. तुमचं ऐकतील." ते बरोबर आहेत. पण ते एकच वाक्य नसतं. त्याच्या पोटात दुसरं आहे: बाळूदादाही पाण्यात नेऊन उठला नसता. ते ऐकून म्हाताऱ्याचं ओझं उतरेल की मोडेल, मला सांगता येत नाही.

मी एकदा गेले होते. सगळं बोलायचं ठरवून, मनात मुद्दे लावून, मोऱ्याला उतरले. काकांनी मला जेट्टीवरूनच हाक मारली, जाळी विणत बसलेल्या दहा-बारा जणांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हीच ती पनवेलची बाय. मी पोराला खाली नेला, आन् उरलेला हिने केला." लोकांनी मला नमस्कार केला. वैशालीने चहा आणला आणि कप देताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. धर्मा इंजिनात डोकं घालून बसला होता; त्याने ते बाहेर काढलंच नाही. मी चहा प्यायले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि दोन पापलेटं घेऊन घरी आले.

मासेमारी पुन्हा सुरू झालीय. पंख्यात दोर अडकणार, माणसं उतरणार, कुणाचा तरी खांदा दुखणार, आणि तो आधी नामदेवकाकांकडे जाणार. दिवाळीच्या कामांची यादी केलीय. फराळाचं सामान आलं, घरातले पंखे पुसून झाले, टाकीचे व्हॉल्व्ह तपासून झाले. मोऱ्याला जायचं, काकांना एकटं गाठायचं आणि सांगायचं, एवढंच राहिलंय.